तयारीची सुरुवात रांगण्यापासून

घर मुलासाठी सुरक्षित करायचं तर आधी रांगायला हवं. मुलाने नव्हे, तुम्ही. कोणी हसेल अशी भीती असेल तर दार लावून घ्या, हात-गुडघे टेका आणि घरभर एक फेरी मारा; जे खटकेल त्याची यादी करत चला. उभ्याने कधीच न दिसलेलं दिसू लागतं: सोफ्याखाली गेलेलं नाणं, टेबलावरून लोंबणारी इस्त्रीची वायर, मूल पायरी म्हणून वापरणार असलेला कपाटाचा खालचा खण. ‘आमचं लक्ष असतं की’ हे उत्तर या फेरीपुरतं बाजूला ठेवा. बेल वाजते, दूध उतू जातं, लक्ष चुकतंच. तयारी करायची ती त्या अर्ध्या मिनिटासाठी.

नाणं उचललंत तसे आता बटन सेल शोधा. रिमोट, वजनकाटा, गाणी म्हणणारी खेळणी, सगळं पालथं करून झाकणाला स्क्रू आहे का बघा. तो नसेल तर ती वस्तू मुलाच्या हाती नको. हा चपटा सेल अन्ननलिकेत अडकला की तिथल्या ओलाव्यातून वीज वाहते आणि दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. रिमोट चालत नाही म्हणून काढलेला, ‘संपलेला’ सेलही हे करू शकतो. म्हणून जुने सेल खणात साठवायचे नाहीत, चिकटपट्टीत गुंडाळून घराबाहेर काढायचे. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा आणि सेलचा संशय आहे हे आधी सांगा.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २००८ च्या अहवालात मुलांच्या अपघाती इजांची पाच मोठी कारणं दिली आहेत: रस्ता, बुडणं, भाजणं, पडणं आणि विषबाधा. पुढची फेरी या पाचांना धरून मारा, घरापासून सुरू करून बाहेरपर्यंत.

स्वयंपाकघरात भांड्यांचे दांडे आत वळवा आणि उकळतं काही असेल ते मागच्या बर्नरवर घ्या. हातात गरम कप आणि कडेवर मूल, असं एका वेळी नको. गीझर ५० अंशांच्या खाली आणा; ६० अंशांचं पाणी कोवळी कातडी काही सेकंदांत भाजतं. अंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम. भाजलंच तर २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. घड्याळ लावून धरा, कारण रडणाऱ्या मुलाजवळ चार मिनिटंही वीस वाटतात. बर्फ, टूथपेस्ट, तेल यांतलं काहीही लावू नका.

बादली वापरून झाली की रिकामी करून पालथी घाला. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, तेही आवाज न करता. मोठ्या पाण्याजवळ मूल हाताच्या अंतरावर हवं आणि ‘आता तू बघ’ असं एकाने दुसऱ्याला तोंडाने सांगायला हवं. सगळे बघत असतात तेव्हा बहुतेक वेळा कोणीच बघत नसतं.

औषधांचं कपाट तुम्ही उंचावर नेलंच असेल. पाहुण्यांच्या पर्समधल्या गोळ्या राहतात. फिनाइल, रॉकेल पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. खिडकीखालचा पलंग सरकवा. मच्छरदाणीची जाळी डास अडवते, मूल नाही. गॅलरीच्या गजांमध्ये १० सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नसावी. उंच कपाट आणि टीव्ही भिंतीला ठोकून पक्के करा.

मुलं दहा-बारा वर्षांची झाली की यादी त्यांच्यासोबत बसून करायची, नाहीतर ती फक्त तुमच्या खिशात राहते. हेल्मेट दुकानात त्यांनाच घालून बघू द्या: भुवईच्या दोन बोटं वर बसलं पाहिजे, हनुवटीखालच्या पट्ट्यात जेमतेम बोट जावं. गाडीत मागची सीट आणि पट्टा. रस्ता ओलांडताना इअरफोन कानाबाहेर. तळ माहीत नसलेल्या पाण्यात सूर मारायचा नाही. खेळताना डोक्याला मार लागून गरगरलं, तर त्या दिवशी मैदानात परत उतरायचं नाही, सामना अंतिम का असेना. हे प्रशिक्षकाशी हंगाम सुरू होण्याआधीच बोलून ठेवा. सामना रंगात आल्यावर कोणी ऐकत नाही.

आपत्कालीन नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात चिकटवा. घशात काही अडकलं तर काय करायचं, हे एकदा प्रथमोपचाराच्या वर्गात पुतळ्यावर करून शिका. नुसतं वाचून हाताला येत नाही. एक वर्षाखालच्या बाळासाठी पद्धत वेगळी असते, तीही विचारा.

आणि यादी फाडून टाकू नका. मूल पालथं पडलं, उभं राहिलं, स्टूल ओढायला शिकलं, की पुन्हा काढा. पंधरा-सोळाव्या वर्षी निघेल तेव्हा बाकीच्या बऱ्याच ओळी खोडलेल्या असतील, आणि गाडीच्या किल्ल्यांचा हुक दारामागून उचलून तुमच्या खोलीत न्यावा लागेल.