वस्तरा ओढतोय? दगडावरच्या या चुका टाळा

सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आल्यापासून खरा एकपाती, मुठीत दुमडणारा वस्तरा सांगली-मिरजेकडे दिसतो तो एखाद्या जुन्या धोकटीत, नाहीतर ऑनलाइन मागवलेल्या खोक्यात. तो स्वतः धार लावून वापरायचा नाद अलीकडे बऱ्याच जणांना लागलाय. सगळ्यांची तक्रार मात्र ठरलेली: १२००० ग्रिटच्या (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) दगडावर तासभर घासला, पातं लखलखतंय, तरी दाढी उपटतो. मग आणखी महाग, आणखी बारीक दगड मागवला जातो. दोष बहुतेक वेळा त्या शेवटच्या दगडात नसतोच. १००० ग्रिटवरचं काम अर्धवट सुटलेलं असतं.

वस्तऱ्याच्या दोन्ही बाजूंना धारेलगत एक बारीक उतार असतो. हे दोन उतार टोकापासून टाचेपर्यंत, म्हणजे मुठीकडच्या कडेपर्यंत, एका रेषेत मिळाले की धार तयार झाली. ते मिळवायचं काम १००० चं. पुढचे ३०००, ५०००, ८००० आणि १२००० चे दगड फक्त आधीच्या दगडाचे ओरखडे बारीक करत जातात. उतार मिळालेच नसतील, तर ते दगड न मिळालेले उतार गुळगुळीत करतात, एवढंच. चमक येते, धार येत नाही.

मिळाले की नाही हे ओळखायचे दोन साधे उपाय आहेत. काळ्या मार्करने दोन्ही उतार रंगवा आणि दगडावर अगदी हलके चार-पाच हात मारा. शाई जिथे राहिली, तिथे दगड पोचत नाहीये. उताराच्या वरच्या अंगाची शाई गेली आणि धारेलगतची राहिली, तर अजून १००० वरच थांबा. दुसरा उपाय म्हणजे दिवा. धार वर करून बल्बखाली धरा आणि पातं थोडं मागंपुढं कलवा. धारेवर कुठेही बारीक चकाकी दिसली तर तिथे ती बोथट आहे, कारण खऱ्या धारेवर उजेड परतायला जागाच नसते. घड्याळजी वापरतात तसलं १० पट भिंग असेल तर धारेला पडलेले दातेही दिसतात. १००० वरच हाताचे केस कातडीलगत सहज उडायला हवेत, टोकाकडेही आणि टाचेकडेही. मधल्या भागाने उडाले म्हणून पुढे गेलात, तर मिशीच्या कडेला वस्तरा अडणारच.

विळी, सुरी, कोयता यांना धार लावणारे हात इथे घरोघरी आहेत आणि तीच सवय वस्तऱ्याला नडते. सुरीचा कोन हाताने धरायचा असतो. वस्तऱ्याचा कोन त्याच्या जाड पाठीनेच ठरवलेला असतो. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवायची, मग कोन आपोआप येतो. साधारण १९ मिलिमीटर रुंद पातं आणि साडेपाच मिलिमीटरची पाठ धरली तर दोन्ही बाजू मिळून तो १६-१७ अंशांच्या आसपास भरतो. धार लवकर यावी म्हणून पाठ उचलली की तो बिघडला. बाजू बदलतानाही पाठीवरूनच उलटवायचं. धारेवरून उलटवलंत तर तेवढ्यातच ती दुमडते.

पाठीला इन्सुलेशन टेप लावणारे बरेच आहेत आणि नक्षीदार जुन्या पाठीसाठी मी त्याच्या बाजूने आहे. पण टेपने कोन साधारण एक अंशाने वाढतो. १००० वर टेप आणि ८००० वर बिनटेप असं केलंत, तर बारीक दगड धारेपर्यंत पोचतच नाही, नुसता उताराचा वरचा भाग घासत बसतो. एकदा टेप लावली की शेवटपर्यंत तेवढेच थर ठेवायचे, आणि ती झिजली की दोन दगडांच्या मध्ये बदलायची. हे न सांगितल्यामुळे किती चांगले दगड बदनाम झालेत!

आता दाब. नव्या माणसाचा अंगठा पात्यावर चढतो आणि सगळं बिघडतं. दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं वस्तऱ्याचं पातं धारेजवळ इतकं पातळ असतं की दाबाने ते वाकतं. मग दगड धारेऐवजी भलतीकडेच लागतो, नाहीतर धारेवर कच, म्हणजे पोलादाची बारीक दुमडलेली किनार, उभी राहते. मिरजेत सतारीची जवारी काढणारा (तारांचा नाद जुळवणारा) कारागीर तारा टेकतात त्या घोडीवर कानस किती हलकी फिरवतो ते पाहिलं असेल, तर हात कसा हवा हे कळेल. १००० वर थोडा दाब चालतो. ५००० पासून पुढे वस्तऱ्याचं वजनच पुरे.

दगडही सपाट हवा. पाण्याचे दगड मऊ असतात, मधोमध झिजून खोलगट होतात आणि मग पात्याचं टोक व टाच अधांतरी राहतात. दगडावर पेन्सिलने चौकटी आखा, जाड काचेच्या तुकड्यावर गॅरेजवाले वापरतात तो ४०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून अंथरा आणि सगळ्या रेषा पुसल्या जाईपर्यंत दगड घासा. दगड नवा असला तरी हे करायचंच, कारण खोक्यातून निघालेला प्रत्येक दगड सपाट असतोच असं नाही. त्याच वेळी दगडाच्या कडाही किंचित मारून घ्या. दगड बदलताना पातं, हात आणि दगड धुवायचे, पाणीही नवं घ्यायचं. १००० चा एक कण १२००० वर आला तरी त्याचा ओरखडा उमटतो. सगळे दगड तासन् तास भिजत ठेवायचेही नसतात. काहींना भिजवावं लागतं, काहींवर नुसतं पाणी शिंपडलं की पुरतं, आणि मॅग्नेशियाने बांधलेले दगड फार भिजवले तर तडकतात. वाळवायचे ते सावलीत. सांगलीच्या एप्रिलच्या उन्हात तर मुळीच नाही.

टाचेकडून टोकाकडे थोडं तिरपं सरकवत न्यायचं, म्हणजे धार किंचित गोलाईची असली तरी सगळीकडे दगड लागतो. जाड खांद्याचा भाग दगडावर चढवू नका. तो चढला की टाच उचलली जाते आणि तेवढीच बोथट राहते.

काही पाती मुळातच दुरुस्त होत नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या आणि जुलै २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथल्या पेट्यांतले वस्तरे अजून बाहेर निघतात. वरचा गंज घासून जातो, पण गंजाने पाडलेले खड्डे धारेपर्यंत पोचले असतील तर धारेच्या जागी पोलाद उरलेलंच नसतं. खड्डा पाठीकडे असेल तर चिंता नाही. धारेला असेल तर घासून तो ओलांडावा लागतो, आणि खोल असेल तर वस्तरा शोभेचा म्हणून ठेवा. अगदी स्वस्तात मिळणारी काही नवी पातीही पिळलेली असतात. मार्करने पाच मिनिटांत कळतं: एका बाजूला शाई टोकाकडे राहते, दुसऱ्या बाजूला टाचेकडे.

दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा देऊ नका. माणूस कसबी असतो, पण त्याचं कोरडं चाक विळीसाठी आहे. पातळ धार त्यावर क्षणात तापते. ती निळसर झाली की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, आणि ते दगडावर परत येत नाही. अंगणातल्या काळ्या दगडावर किंवा पाट्यावर घासायचा मोहही आवरा. तो विळीला ठीक आहे, वस्तऱ्याच्या धारेला त्याचे भरड, कमीजास्त कण दाते पाडतात.

दगडावर धार पुढे ठेवून चालवायची. दगडानंतर धार साफ करायच्या चामड्याच्या पट्ट्यावर उलट, पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा ताणलेला हवा. ढिला सोडला की झोळ पडतो आणि धार गोल होते. आधी कापडाच्या बाजूवर पंचवीस-तीस फेरे, मग चामड्यावर पन्नासेक. पितळ-स्टील चमकवायचा हिरवा बार पट्ट्याला चोळू नका, त्यात बऱ्याचदा अॅल्युमिनाचे भरड कण असतात. शुद्ध क्रोमियम ऑक्साइडच हवं असेल तर ०.५ मायक्रॉनचं घ्या, तेही वेगळ्या पट्ट्यावर.

दाढी करून पाहिल्यावरची लक्षणं नीट वाचा. सगळीकडे ओढतोय, तर १००० वर परत जा. एकाच जागी ओढतोय, तर मार्कर काढा. छान कापतोय पण कातडी चरचरते, तर धारेवर कच असेल. शेवटच्या दगडावर पाठ पुढे ठेवून चार-पाच हलके हात मारा आणि मग नेहमीच्या दिशेने पुन्हा थोडं काम करा. पहिल्या एक-दोन दाढ्या उत्तम आणि मग एकदम बोथट, हेही बहुतेक कच तुटल्याचंच लक्षण आहे. आणि वस्तरा कातडीशी साधारण ३० अंशांपेक्षा जास्त उभा धरत असाल, तर धारेला दोष देऊ नका.

पावसाळ्यात पातं पुसून, वाळवून, मशीनच्या तेलाचा पुसट हात द्या. खोबरेल चालतं म्हणतात, पण ते थंडीत थिजतं आणि ठेवून चिकटही होतं. एकदा नीट धार लागलेला वस्तरा काही दिवसांनी पुन्हा ओढायला लागला की आधी पट्टा, त्याने भागलं नाही तर १२००० वर थोडे हात. १००० पर्यंत उतरायचं ते धारेला दाता पडला किंवा वस्तरा फरशीवर पडला तरच.