कन्सील्ड कॅरीच्या छोट्या पिस्तुलासाठी दुसऱ्या कंपनीचे मॅगझिन: निवड, तपासणी आणि चाचणी

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी कायदेशीरपणे, कपड्यांखाली दिसणार नाही असे (यालाच कन्सील्ड कॅरी म्हणतात) पिस्तूल बाळगणारा माणूस पिस्तूल निवडताना महिनोन्‌महिने घालवतो, रेंजवर चार-पाच पिस्तुले भाड्याने घेऊन चालवून पाहतो, होल्स्टर दोनदा-तीनदा बदलतो, आणि जादा मॅगझिन, म्हणजे काडतुसे भरून मुठीत सरकवायची डबी, घ्यायची वेळ आली की जे स्वस्त दिसेल ते मागवून मोकळा होतो. वास्तविक अर्ध-स्वयंचलित पिस्तूल अडते तेव्हा शोध घेतल्यास दोष पुष्कळदा मॅगझिनमध्येच सापडतो, कारण प्रत्येक काडतूस योग्य उंचीला, योग्य कोनात आणि स्लाइडच्या (गोळी सुटताना मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या) वेगाशी जुळवून घेत वर आणण्याचे काम एका पत्र्याच्या नळीला आणि एका स्प्रिंगला करावे लागते. पिस्तूल जितके छोटे, तितकी स्लाइडची धाव आखूड आणि मॅगझिनला मिळणारा वेळ कमी. म्हणूनच मूळ कंपनीऐवजी दुसऱ्या उत्पादकाचे, म्हणजे आफ्टरमार्केट मॅगझिन घेताना या लेखातील सर्व पायऱ्या पूर्ण कराव्यात, असा माझा आग्रह आहे.

प्रथम कायद्याविषयी, कारण इथली चूक पैशांवर भागत नाही. एच-1बी, एल-1, एफ-1 किंवा एच-4 अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला काही मर्यादित अपवाद वगळता अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे बाळगता येत नाहीत. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींत ‘मित्राच्या पिस्तुलाचे मॅगझिन माझ्याकडे राहिले, त्यात गोळ्याही होत्या’ अशी परिस्थिती सहज येते आणि तिचे परिणाम व्हिसापर्यंत पोहोचू शकतात. दुसरी बाब क्षमतेची. 1994 च्या संघीय कायद्याने नव्या मॅगझिनवर घातलेली 10 काडतुसांची मर्यादा 2004 मध्ये संपली, पण राज्यांच्या मर्यादा कायम आहेत. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स आणि कनेटिकट येथे मर्यादा 10 ची आहे. पिस्तुलांसाठी कोलोरॅडो आणि इलिनॉय येथे 15 ची, तर डेलावेअरमध्ये 17 ची आहे. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, ॲरिझोना आणि पेनसिल्व्हेनिया येथे राज्याची अशी मर्यादा नाही. फिलाडेल्फियाजवळ राहणारा मराठी माणूस गणपतीला न्यू जर्सीतल्या एडिसनला नातेवाइकांकडे निघतो तेव्हा घरी पूर्ण कायदेशीर असलेले 15 काडतुसांचे मॅगझिन डेलावेअर नदीच्या पुलापलीकडे गुन्हा ठरते, आणि पेनसिल्व्हेनियाचा परवानाही न्यू जर्सीत चालत नाही. हे कायदे न्यायालयांत वारंवार तपासले जात असल्याने मागणी नोंदवण्याच्या दिवशी आपल्या राज्याचा मजकूर पुन्हा वाचावा.

मॅगझिन कोणते घ्यावे

या बाजारात आज जी चढाओढ आहे, तिची सुरुवात 2018 साली आलेल्या सिग सॉवरच्या पी365 या पिस्तुलापासून झाली, असे म्हणणे योग्य ठरेल. त्यापूर्वी खिशात मावेल अशा 9 मिलिमीटर पिस्तुलात 6 ते 8 काडतुसे येत असत. 2012 च्या स्मिथ अँड वेसन शील्डमध्ये 7 किंवा 8 आणि 2015 च्या ग्लॉक 43 मध्ये 6. पी365 ने त्याच आकारात 10 बसवून दाखवली, आणि 2019 मध्ये स्प्रिंगफील्डच्या हेलकॅटने 11. त्याच वर्षी आलेल्या ग्लॉक 43एक्स आणि ग्लॉक 48 यांनाही मूळ मॅगझिन 10 चेच मिळाले, परंतु त्यांची मूठ लांब असल्याने तेवढ्याच उंचीत अधिक काडतुसे मावायला हवी होती, असे ग्राहकांना वाटले.

मूळ ग्लॉक मॅगझिनची भिंत पोलादी अस्तरावर पॉलिमरचा जाड थर देऊन बनवलेली असते. बाहेरची रुंदी मुठीने ठरवून दिलेली असल्यामुळे भिंत जितकी जाड, तितकी आतली जागा कमी. शील्ड आर्म्स या मोंटानातील कंपनीने एस15 हे मॅगझिन काढताना पॉलिमर वगळून नुसत्या पातळ पोलादी पत्र्याची नळी वापरली. आतली रुंदी वाढली, काडतुसे अधिक तिरकी, एकाआड एक बसू लागली आणि त्याच उंचीत 10 च्या जागी 15 मावली. मात्र ग्लॉकचा मूळ मॅगझिन कॅच, म्हणजे मॅगझिनला मुठीत अडकवून धरणारा खटका, पॉलिमरचा असतो आणि पोलादी नळीची खाच त्याला हळूहळू खाते, म्हणून या मॅगझिनबरोबर धातूचा कॅच बसवावा लागतो. तो बसवला की उलट अडचण उभी राहते: धातूचा कॅच मूळ पॉलिमर मॅगझिनची खाच झिजवू लागतो. याचा अर्थ असा की ही केवळ मॅगझिनची खरेदी नसून पिस्तूल एका पद्धतीकडून दुसऱ्या पद्धतीकडे नेण्याचा निर्णय आहे. दोन्ही प्रकार आळीपाळीने वापरण्याचा विचार असेल तर मूळ मॅगझिनच ठेवणे शहाणपणाचे.

सगळीच आफ्टरमार्केट मॅगझिने एका तागडीत तोलू नयेत. इटलीतील मेक-गार ही कंपनी अनेक पिस्तूल उत्पादकांना त्यांच्या नावाची मूळ मॅगझिनेही पुरवते. तिचे मॅगझिन मूळ मॅगझिनच्या अगदी जवळचे मानायला माझी हरकत नाही. मॅगपुलची ग्लॉकसाठीची पीमॅग पूर्ण पॉलिमरची, स्वस्त आणि सरावाला उत्तम आहेत. याउलट ज्या मॅगझिनवर उत्पादकाचे नावही धड नाही, ते कितीही स्वस्त असले तरी कमरेला लावू नये. मूळ मॅगझिन साधारण 25 ते 50 डॉलरच्या दरम्यान मिळत असताना तडजोड करून वाचवलेले 10 डॉलर चाचणीच्या पहिल्याच काडतुसांच्या डब्यात खर्च होऊन जातात.

नावांच्या साधर्म्यानेही फसगत होते. ग्लॉक 43 आणि 43एक्स यांची मॅगझिने एकमेकांत चालत नाहीत, तर 43एक्स आणि 48 यांची चालतात. ग्लॉक 26 मध्ये 19 चे आणि 17 चे लांब मॅगझिन बसते, पण 17 मध्ये 19 चे आखूड मॅगझिन कॅचपर्यंत पोहोचत नाही. लांब मॅगझिन आखूड मुठीत वापरताना आणखी एक धोका असतो. स्लाइड मागे अडकलेली असताना ते जोराने आत ठोकले, तर त्याला थांबवायला बेसप्लेट (मॅगझिनची तळपट्टी) मुठीला टेकत नाही आणि मॅगझिन गरजेपेक्षा वर जाऊन इजेक्टरवर (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागावर) आदळू शकते. मधली फट भरून काढणारे पॉलिमरचे कडे मिळते, तेच यासाठी असते. ते दिसायला शोभेचे वाटले तरी वगळू नये.

क्षमता दोनने वाढवणाऱ्या जादा बेसप्लेटविषयी मी थोडा साशंक आहे. तीच जुनी स्प्रिंग अधिक लांबीत ताणली गेली की शेवटच्या दोन-तीन काडतुसांना वर ढकलण्याचा तिचा जोर कमी पडतो, त्यामुळे लांब स्प्रिंग सोबत येत नसेल तर ती बेसप्लेट घेऊ नये. शिवाय कपड्यांतून पिस्तुलाचा उठाव दिसतो तो बहुधा पिस्तुलाच्या नळीच्या (बॅरलच्या) बाजूने नव्हे, तर मुठीच्या तळाकडून, आणि ही बेसप्लेट नेमकी तिथेच लांबी वाढवते.

टेबलावरची तपासणी

पार्सल आल्यावर प्रथम पिस्तूल रिकामे करावे, चेंबर (डागण्याआधी काडतूस जिथे बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासावा, आणि सगळी खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावावे. घरातील संपूर्ण तपासणी डमी, म्हणजे दारू नसलेल्या, काडतुसांवर करायची आहे. खरे काडतूस चेंबरमध्ये घालून-काढून पाहण्याचा मोह टाळावा. त्यात अपघाताचा धोका तर आहेच, शिवाय तेच काडतूस वारंवार चेंबर केल्याने गोळी काडतुसाच्या केसमध्ये (नळकांड्यात) आत दबते आणि डागताना दाब धोकादायकरीत्या वाढू शकतो.

मॅगझिनच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी आत वळवलेल्या कडा असतात, त्यांना फीड लिप्स म्हणतात. काडतूस कोणत्या उंचीला थांबेल आणि कोणत्या क्षणी सुटेल, हे त्या ठरवतात. दोन्ही कडा सारख्या आहेत का, कुठे चीर, खरवड किंवा दाबल्याची खूण आहे का, हे मूळ मॅगझिन शेजारी ठेवून पाहावे. नंतर पेन्सिलच्या रबरी टोकाने फॉलोअर, म्हणजे काडतुसांना खालून वर उचलणारा स्प्रिंगवरचा तुकडा, सावकाश तळापर्यंत दाबून सोडावा. तो एका चालीने वर यायला हवा.

माझ्या अनुभवातले एक उदाहरण इथे सांगतो. काही वर्षांपूर्वी मी सवलतीत एका उत्पादकाची दोन मॅगझिने घेतली होती. रिकामी असताना दोन्ही अगदी अचूक बसत आणि बटण दाबताच सुटून पडत. रेंजवर मात्र त्यांपैकी एकात शेवटची तीन-चार काडतुसे उरली की पुढची गोळी नाक खाली घालून अडे. मी माझ्या पकडीला दोष दिला, काडतुसे बदलली, पिस्तूल साफ केले, तरी फरक पडेना. शेवटी घरी येऊन बेसप्लेट काढली, स्प्रिंग बाहेर घेतली आणि नळीतून टॉर्च मारून पाहिले, तेव्हा आतल्या जोडावर तांदळाच्या कणीएवढा धातूचा उंचवटा दिसला. फॉलोअरचा पुढचा कोपरा नेमका तिथे क्षणभर थांबत होता. त्याच पाकिटातले दुसरे मॅगझिन मी आजही सरावाला वापरतो आणि त्याने एकदाही त्रास दिलेला नाही. तेव्हापासून मी कोणत्याही कंपनीचे मॅगझिन ‘चांगले’ म्हणून स्वीकारत नाही. हातातले ते एक मॅगझिन चांगले आहे की नाही, एवढेच पाहतो.

याच कारणासाठी प्रत्येक मॅगझिनच्या बेसप्लेटवर पांढऱ्या पेंट-पेनने क्रमांक घालावा. क्रमांकाविना पुढची सगळी चाचणी निरर्थक आहे, कारण अडचण कोणत्या मॅगझिनने केली हे रेंजवरून परतेपर्यंत कोणालाच आठवत नाही.

त्यानंतर डमी काडतुसांनी मॅगझिन पूर्ण भरावे. दोन रांगांतली काडतुसे वर येताना एका रांगेत मिसळतात, त्यामुळे शेवटची दोन भरताना अंगठा दुखणे स्वाभाविक आहे. अपलुलासारखा लोडर, म्हणजे काडतुसे भरायचे साधन, वापरावा. भरलेले मॅगझिन स्लाइड पुढे असताना नेहमीच्या जोराने आत जाऊन कॅचमध्ये अडकते का, हे जरूर पाहावे. अनेक आफ्टरमार्केट मॅगझिने इथे नापास होतात, कारण स्लाइडखाली वरचे काडतूस किंचित दाबले जाण्यासाठी आत थोडी जागा शिल्लक असावी लागते आणि क्षमतेच्या हव्यासात तीच जागा खाल्लेली असते. एक काडतूस कमी भरल्यावर ते नीट बसत असेल, तर त्याची क्षमता एकाने कमी समजून तसेच कायम वापरावे.

रेंजवरची चाचणी

पहिल्या फेरीत सरावाच्या काडतुसांनी प्रत्येक मॅगझिन किमान चार-पाच वेळा पूर्ण भरून रिकामे करावे. दुसऱ्या फेरीत जी काडतुसे प्रत्यक्ष बाळगणार आहात तीच वापरावीत, कारण पोकळ टोकाच्या गोळीचा आकार वेगळा असतो आणि सरावाच्या गोल टोकाच्या गोळीने उत्तम चाललेले मॅगझिन तिच्यावर अडू शकते. अशी किमान दोन मॅगझिने पूर्ण चालवावीत. ही काडतुसे महाग पडतात, याची मला कल्पना आहे. तरीही हा खर्च टाळू नये. यानंतर रेंज अधिकाऱ्याची परवानगी घेऊन एका हाताने आणि मग डाव्या हाताने, म्हणजे आपल्या कमजोर हाताने, एकेक मॅगझिन चालवावे.

अडथळा आल्यास पिस्तुलाची नळी पुढे लक्ष्याकडेच ठेवून आधी काय दिसते ते नीट पाहावे. गोळीने नाक खाली घातले असेल तर फॉलोअर पुढे झुकतो आहे किंवा स्प्रिंग अशक्त आहे. दोन काडतुसे एकदम बाहेर आली असतील तर फीड लिप्स फाकल्या असण्याची शक्यता मोठी. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबत नसेल तर फॉलोअर स्लाइड स्टॉपला (स्लाइड मागे अडवून धरणाऱ्या खटक्याला) पुरेशा जोराने उचलत नाही. मात्र छोट्या पिस्तुलावर आपलाच अंगठा त्या खटक्यावर टेकलेला असतो, म्हणून आधी पकड बदलून पाहावी. तोच दोष त्याच क्रमांकाच्या मॅगझिनमध्ये दोनदा आला तर ते कमरेवरून कायमचे उतरवावे. फीड लिप्स पक्कडीने वाकवून ‘दुरुस्ती’ करण्याचे सल्ले सर्रास दिले जातात. छोट्या पिस्तुलाच्या बाबतीत तसे करू नये.

देखभाल थोडकी आहे. मॅगझिन आतून कोरडे ठेवावे, कारण तेलाला खिशातली धूळ आणि कपड्याचे तंतू चिकटून त्याचा चिखल होतो. चांगली स्प्रिंग भरून ठेवल्याने जितकी थकत नाही तितकी वारंवार भरण्या-रिकामे करण्याने थकते, म्हणून सरावाची आणि बाळगण्याची मॅगझिने वेगळी ठेवावीत. भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी राहायला आले आणि घरात नातवंडे असली की कपाटे, खण, पिशव्या सगळे उघडले जाते. भरलेली मॅगझिनेही पिस्तुलाइतकीच कुलपात असावीत.

भारतात जाण्याआधी रेंजची पिशवी प्रवासाला कधीही वापरू नये. 1959 च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात, आणि पिशवीच्या शिवणीत राहिलेले एकच काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडले तर पोलीस ठाण्याची वाट धरावी लागते. माझी रेंजची पिशवी भडक नारिंगी आहे आणि ती गॅरेजमध्ये, सामानाच्या बॅगांपासून दूर, वेगळ्या खुंटीवर टांगलेली असते.