हाय पॉवरवर रेडिओ स्पर्धा: या चुका टाळा

सीक्यू वर्ल्ड वाइड या हौशी (हॅम) रेडिओ स्पर्धेची एसएसबी, म्हणजे बोलून संपर्क करायची फेरी ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असते. आपल्या घड्याळात शनिवारी पहाटे ५:३० ते सोमवारी पहाटे ५:२९. १०० वॉटच्या वर गेलात की हाय पॉवर गट. त्या गटाची कमाल मर्यादा १५०० वॉट असली तरी आपल्या परवान्यात जो आकडा लिहिलाय तोच आपल्यासाठी शेवटचा.

आधी हिशेब समजून घ्या. १०० चे ४०० वॉट केले की मिळतात ६ डेसिबल, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर साधारण एक एस-युनिट (सिग्नलची ताकद मोजायची एक पायरी). एवढ्याशा फायद्यासाठी आपण ॲम्प्लिफायर जोडतो, आणि त्या फायद्याचा मोठा वाटा केबलच खाऊन टाकू शकते. २८ मेगाहर्ट्झला ३० मीटर आरजी-५८ या बारीक केबलमध्ये सुमारे अडीच डेसिबल जातात: ४०० वॉट टाकले तर अँटेनापर्यंत जेमतेम सव्वादोनशे पोहोचतात, बाकीचे केबल तापवतात. जाड आरजी-२१३ टाकली की तीनशेच्या वर मिळतात. नवा ॲम्प्लिफायर घेण्याआधी केबल बदला. स्वस्तात काम होतं.

आता ॲम्प्लिफायर ‘अचानक’ उडण्याबद्दल. रिगची (रेडिओ संचाची) पॉवर ३० वॉटवर ठेवलेली असते, मीटरही ३० दाखवतो, तरी संरक्षण सर्किट ट्रिप होतं किंवा ॲम्प्लिफायरमधला एलडीमॉस पॉवर ट्रान्झिस्टर जातो. बऱ्याच रिगमध्ये पहिल्या अक्षराला एएलसी (पॉवर आपोआप आवरणारं सर्किट) सावरायच्या आत क्षणभर पूर्ण १०० वॉटचा झटका बाहेर पडतो. सरासरी दाखवणाऱ्या मीटरला तो दिसतच नाही. ॲम्प्लिफायर बाजूला काढा, अँटेनाऐवजी डमी लोड (पॉवर जिरवणारा रोधक) लावा, पीक-होल्ड असलेल्या वॉटमीटरवर दहा-बारा वेळा ‘सीक्यू’ ही हाक देऊन बघा. झटका दिसला तर ॲम्प्लिफायरच्या इनपुटला योग्य वॉटेजचा ॲटेन्युएटर (पॉवर कमी करणारा भाग) लावा आणि रिगची पॉवर त्या हिशेबाने ठरवा. नुसत्या एएलसीच्या वायरवर विसंबू नका.

दुसरं लक्षण: पाठवून झाल्यावर रिसिव्हर बहिरा, आणि पुन्हा एकदा पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबून सोडलं की आवाज परत येतो. इथे बहुधा पाठवणं आणि ऐकणं यांत अदलाबदल करणाऱ्या रिलेचे संपर्क खराब झालेले असतात. रिलेचे संपर्क जुळण्याआधीच आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) आलं की प्रत्येक वेळी ठिणगी पडते आणि संपर्क झिजतात. रिगच्या मेनूमध्ये टीएक्स डिले (बटण दाबल्यापासून पॉवर बाहेर पडेपर्यंतचा वेळ) १५ ते २० मिलिसेकंद ठेवा; मोठ्या, मंद रिलेला त्याहून जास्त लागतो.

पावसाळा नुकताच संपलेला असतो, म्हणून केबलच्या टोकाचे पीएल-२५९ कनेक्टर उघडून बघाच. केबलची तारेची जाळी हिरवट-काळी झाली असेल तर पाणी शिरलंय. तेवढा तुकडा कापा, नवीन कनेक्टर बसवा, वर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळा. मग चाचणी: पूर्ण पॉवरवर एक मिनिट कॅरियर (न बोलता सलग सिग्नल) द्या (तेवढं सोसत नसेल तर ॲम्प्लिफायरच्या पुस्तिकेतली वेळ पाळा) आणि एसडब्ल्यूआरकडे (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा आकडा) बघत राहा. १०० वॉटला १.३ वर स्थिर असलेला आकडा ४०० ला हळूहळू १.६, १.८ असा चढत गेला तर बालनचा (केबल आणि अँटेना जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) गाभा किंवा एखादा सांधा तापतोय. स्पर्धेत रात्री तीनला हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

पीटीटी अडकणं, यूएसबी जोडणी तुटणं, संगणकाचा माउस आपोआप हलणं ही सगळी एकाच घरातली भावंडं. केबलच्या बाहेरच्या बाजूने आरएफ परत खोलीत येतंय. केबलवर क्लिप-ऑन फेराइट (आरएफ अडवणारे चुंबकीय तुकडे) एकेकदा अडकवून ७ मेगाहर्ट्झवर फारसं काही होत नाही. अवरोध साधारणपणे वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून ३१ मिक्स या प्रकारच्या फेराइटच्या मोठ्या रिंगमधून यूएसबी केबलचे पाच वेढे घ्या: एका वेढ्याच्या जवळपास पंचवीस पट. अँटेनाला केबल जोडते त्या जागी (फीड पॉइंटवर) ही असाच वेढ्यांचा चोक हवा.

हाय पॉवरवाल्यांचा लाडका दोष म्हणजे मोठं तोंड आणि लहान कान. मंडळी अशा स्टेशनला ‘ॲलिगेटर’ म्हणतात. तुमची हाक युरोपभर पोहोचते, उत्तरं मात्र तुमच्या गोंगाटात बुडतात. त्यात या स्पर्धेच्या आसपास दिवाळी आली की एलईडी माळांचे स्विचिंग सप्लाय खरखर करतात. रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा, घरातले एमसीबी एकेक करून पाडा आणि कोणत्या खटक्याला आवाज उतरतो ते ऐका. शेजाऱ्यांच्या माळांसाठी फेराइटचे दोन-चार नग आणि चकली-लाडवाचं ताट हाताशी ठेवा.

मायक्रोफोन गेन आणि कॉम्प्रेशन (हळू आवाज उचलून धरणं) दोन्ही टोकाला नेऊन आवाज ‘दमदार’ करायला जाऊ नका. सिग्नल शेजारच्या स्टेशनांवर पसरतो, तक्रारी येतात आणि अपात्र ठरण्याची वेळ येऊ शकते. बँडच्या कडाही सांभाळा: यूएसबीचा (इथे अप्पर साइडबँड, केबल नव्हे) सिग्नल डायलवरच्या आकड्याच्या वर पसरतो, म्हणून १४.३५० मेगाहर्ट्झच्या हद्दीसाठी डायल १४.३४७ च्या खालीच थांबवा.

क्लस्टरचे स्पॉट (कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे याच्या इंटरनेटवरच्या सूचना) वापरले की तुम्ही असिस्टेड, म्हणजे मदत घेणाऱ्यांच्या गटात, मग पॉवर कितीही असो. भारताच्या मुख्य भूमीसाठी एक्सचेंज, म्हणजे प्रत्येक संपर्कात सांगायचे आकडे, ‘५९ २२’: सिग्नलचा अहवाल आणि झोन. लॉग (संपर्कांची नोंद) कॅब्रिलो या फाइल स्वरूपात, स्पर्धा संपल्यापासून पाच दिवसांच्या आत पाठवा. दुबार संपर्क पुसू नका, त्याला दंड नाही; पण कॉलसाइन (स्टेशनचं नाव) चुकीची ऐकून नोंदवली तर तो संपर्क जातो आणि वर त्याच्या गुणांच्या दुप्पट दंड बसतो. शंका असेल तर तिथेच पुन्हा विचारा. स्पर्धा संपल्यावर रेकॉर्डिंग ऐकून किंवा डेटाबेस बघून कॉलसाइन दुरुस्त करायला नियमात परवानगी नाही.