ठेच लागली की कळ उशिरा का येते? अठरा पोरं, एक मोबाइल आणि मूठभर चिंचोके

तीस वर्षं मी नववी-दहावीला विज्ञान शिकवलं आणि त्यातली निदान वीस वर्षं चुकीचं उदाहरण दिलं. "मुलींनो, चेतातंतू म्हणजे शरीरातली वायर." फळ्यावर मेंदू, त्यातून निघालेली रेघ, रेघेच्या टोकाला बोट. मुलींना मार्क पडायचे, मीही खूश. मग एका वर्षी मधल्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, काल उंबऱ्याला ठेच लागली. आधी नुसतं आपटल्याचं कळलं. मी मनात म्हटलं, आता दुखणार. आणि मग दुखलं. बटण दाबल्यावर दिवा असा थांबून लागतो का?" मी तिला म्हटलं, खाली बस, तास संपत आलाय. तास संपायला वीस मिनिटं होती.

आता निवृत्त आहे. रविवारी सकाळी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर गल्लीतली पोरं जमतात. त्या मुलीला जे उत्तर द्यायला हवं होतं, ते मी यांना हातानं करून दाखवते. तुम्हालाही घरी किंवा शाळेच्या मैदानात करता येईल. सामान एवढंच: मोबाइलमधलं स्टॉपवॉच, शिंप्याची टेप, तीस सेंटिमीटरची पट्टी, मूठभर चिंचोके आणि दहा-पंधरा तरी पोरं. पोरं जेवढी जास्त, तेवढं उत्तर बरं येतं.

आधी वायर डोक्यातून काढा

माझा धाकटा भाऊ उद्यमनगरात विजेच्या मोटारी रिवाइंड करतो. तो म्हणाला, "आक्का, वायरच की ती! फक्त लांबीला ड्रॉप येतो, तेवढं बघायचं." हा ड्रॉप, म्हणजे लांबीबरोबर व्होल्टेज उतरणं, हाच तर मुद्दा आहे. अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत जाणारा तंतू हा एकाच पेशीचा भाग, मोठ्या माणसात मीटरभर लांब. खारट पाण्यानं भरलेली, जागोजागी गळकी अशी ती नळी. नुसती वायर असती तर संदेश काही मिलिमीटरांतच विरून गेला असता.

पोरांना सांगताना मी लवंगी माळ सांगते. पेटवायची गरज नाही, दिवाळीत सगळ्यांनी बघितलेली असते. पहिल्या लवंगीचा आवाज जेवढा, तेवढाच शेवटच्या लवंगीचा, कारण प्रत्येकीत स्वतःची दारू आहे. वात नुसती गरम केली तर काही होत नाही. पेटली तर पूर्ण माळ उडते. आणि माळ उलटी येत नाही, मागच्या लवंग्या जळून गेलेल्या असतात. चेतातंतूतला आवेग, म्हणजे त्यातून धावणारा संदेश, या तिन्ही बाबतींत तसाच वागतो. फरक एवढाच की इथली जळलेली लवंगी काही मिलिसेकंदांत पुन्हा भरून तयार होते.

ही दारू भरतं कोण? पेशीच्या आवरणातले पंप. दर फेरीला ते सोडियमचे तीन आयन (विद्युतभार असलेले कण) बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे दोन आत घेतात, रात्रंदिवस. शिवाय पोटॅशियम आतून बाहेर झिरपत राहतं. त्यामुळे आतली बाजू बाहेरच्या मानानं सुमारे 70 मिलिव्होल्ट उणी राहते. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलचा साधारण विसावा हिस्सा.

आता राधानगरी. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात. कोणी बटण दाबत नाही. "चार नंबरचा उघडला" हे कोल्हापुरात स्कोअर सांगितल्यासारखं सांगतात. चेतातंतूच्या आवरणात सोडियमचे असेच दरवाजे असतात, फक्त ते पाण्याच्या पातळीऐवजी व्होल्टेज बघतात. उणे 70 वरून चढत उणे 55 च्या आसपास आलं की ते उघडतात आणि बाहेरचं सोडियम आत घुसतं.

इथं राधानगरी सोडून द्या, नाहीतर पोरं फसतील. धरणाचा दरवाजा उघडला की पातळी उतरते. इथं उलटं आहे. सोडियम आत आलं की व्होल्टेज आणखी चढतं, त्यानं आणखी दरवाजे उघडतात, शेजारच्या पट्ट्यातलेसुद्धा. माळ पुढं सरकते ती अशी. बघता बघता उणे 70 चं अधिक 30-40 होतं. मग सोडियमचे दरवाजे मिटतात आणि क्षणभर उघडायचं नावच घेत नाहीत. पोटॅशियम बाहेर पडतं आणि गडी पुन्हा मूळ जागी. सगळा खेळ एक-दोन मिलिसेकंदांचा. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी हे 1952 मध्ये आकड्यांत मांडलं, तेही माकुळाच्या (स्क्विडच्या) तंतूवर. माकुळाचा तो तंतू जवळजवळ मिलिमीटरभर जाड असतो, म्हणून त्यात तार घालून मोजता आलं. 1963 चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं.

वेग मोजा, गच्चीवर

पोरांना एकामागं एक मांडी घालून बसवा. प्रत्येकानं उजवा हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवायचा. डोळे बंद, तोंडही बंद. सगळ्यात मागं तुम्ही बसा. डाव्या हातात स्टॉपवॉच. ते चालू करतानाच उजव्या हातानं पुढच्याचा खांदा दाबा. खांद्यावर दाब आला की प्रत्येकानं पुढचा खांदा दाबायचा. शेवटचा ओरडतो, "आलं!" वेळ लिहून घ्या.

मग तेच, पण हात खांद्यावर नाही, पुढच्याच्या घोट्यावर. त्यासाठी बैठक थोडी बदला, पाय बाजूला काढून बसू दे. दाबणारा हात दोन्ही वेळा तोच ठेवा, कारण आपल्याला फक्त येण्याचा रस्ता लांबवायचा आहे.

आता टेप घ्या. घोट्यापासून मानेपर्यंतचं अंतर उणे खांद्यापासून मानेपर्यंतचं अंतर. आमच्या पोरांत ते सरासरी एक मीटर भरलं. अठरा पोरं, म्हणजे संदेशाला घोट्याच्या फेरीत 18 मीटर जादा चालावं लागलं. एका रविवारी खांद्याची सरासरी आली 4.1 सेकंद, घोट्याची 4.5. अठरा भागिले 0.4, म्हणजे सेकंदाला 45 मीटर. ताशी 162 किलोमीटर. हायवेवरच्या बहुतेक गाड्यांपेक्षा जास्त, पण वायरीतल्या विजेपुढं अगदीच गोगलगाय. भाऊ बघायला आला होता, तो म्हणाला, "एवढ्या स्लो वायरीचं बिल कोण देणार?"

पण त्याच्या आधीच्या रविवारी आमचं उत्तर उणे आलं होतं, म्हणजे घोट्यावरून संदेश खांद्यापेक्षा लवकर! आम्ही खांद्याच्या दहा फेऱ्या आधी आणि घोट्याच्या दहा नंतर घेतल्या होत्या. तोवर पोरांचा हात बसला होता. म्हणून एक खांद्याची, एक घोट्याची अशा आलटून पालटून घ्या, पहिल्या तीन-चार मोजूच नका, आणि दहाची सरासरी काढा. लबाडीवरही लक्ष ठेवा. एकजण मागच्याचा श्वास ऐकून आधीच दाबत होता. विचारलं तर शेजारची म्हणते, "मी बघत होतो बाई, ह्यानं आधीच दाबला!" डोळे बंद ठेवायचे होते, हे ती विसरली.

हर्मन हेल्महोल्ट्झनं 1850 मध्ये बेडकाच्या पायावर हीच युक्ती केली. एकाच चेतातंतूला एकदा स्नायूजवळ आणि एकदा लांब डिवचायचं, आणि दोन वेळांतला फरक बघायचा. वेग निघाला सेकंदाला सुमारे 27 मीटर. त्याचे गुरू योहानेस म्युलर हा वेग कधीच मोजता येणार नाही असं मानत. फरक काढला की बाकीची सगळी भानगड आपोआप वजा होते, हे पोरांना नीट कळेपर्यंत पुढं जाऊ नका. माझ्या मते अख्ख्या प्रयोगात शिकण्यासारखं तेच आहे.

आता ठेच. स्पर्श आणणाऱ्या जाड तंतूंवर मायलिनचं मेदाचं वेष्टण असतं, त्यात थोड्या थोड्या अंतरावर फटी. आवेग फटीतून फटीत उडी मारतो, त्यामुळे सेकंदाला पन्नास मीटर आणि त्याहून जास्तही जातो. ठणकणारी कळ आणणारे तंतू बारीक, उघडे. त्यांचा वेग सेकंदाला मीटर-दोन मीटर, कधी त्याहूनही कमी. अंगठ्यापासून डोक्यापर्यंत दीड मीटर धरा. आपटल्याचं लगेच कळतं, कळ सेकंदभर मागून येते. त्या मुलीनं मधली ती वेळ बरोबर पकडली होती.

उरलेला वेळ गेला कुठं?

4.1 सेकंद भागिले अठरा, दर पोरामागं जवळजवळ पाव सेकंद. त्यातला प्रवासाचा भाग फार थोडा. बाकीचा वेळ जातो पेशीकडून पेशीकडे निरोप देण्यात, मेंदूच्या ठरवण्यात आणि स्नायू हलवण्यात. दोन चेतापेशी सहसा एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये 20 ते 40 नॅनोमीटरची फट असते, या जोडाला सिनॅप्स म्हणतात. बहुतेक ठिकाणी वीज तिथं थांबते आणि रसायन पलीकडे जातं. 1921 मध्ये ओटो लोवीनं बेडकाची दोन हृदयं घेतली. पहिल्याचा वेग त्याच्या चेतातंतूला डिवचून कमी केला, त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्यावर सोडलं, तर तेही मंदावलं. ते रसायन पुढं असिटिलकोलीन निघालं.

शेतकरी घरातली पोरं असतील तर इथं थांबा आणि एक गोष्ट सांगाच. असिटिलकोलीनचं काम झालं की एक एन्झाइम ते लगेच तोडतं. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं नेमकं ते एन्झाइम अडवतात, मग निरोप थांबतच नाही: तोंडाला लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायू फडफडतात, श्वास अडतो. औषध मारताना तोंडाला नुसता टॉवेल गुंडाळून भागत नाही. ते कातडीतूनही आत जातं. असं काही दिसलं तर अंगावरचे कपडे काढून, अंग धुऊन, डबा सोबत घेऊन थेट दवाखाना.

प्रत्येक आवेग सारखाच, तर हळू दाबलेलं आणि जोरात दाबलेलं कसं कळतं? एका सेकंदात किती लवंग्या फुटल्या त्यावरून, आणि एकाच वेळी किती माळा पेटल्या त्यावरून. आणि सगळेच दरवाजे व्होल्टेज बघून उघडत नाहीत, हे तांबड्या रश्श्यावर शिकवावं. तिखटातलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या दरवाजाला हात घालतं, तो खरं तर 43 अंशांच्या वरच्या उष्णतेनं उघडणारा दरवाजा आहे. म्हणून रस्सा निवलेला असला तरी जीभ भाजल्यागत होते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं तो दरवाजा 1997 मध्ये दाखवला, 2021 चं नोबेल मिळालं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळीही 43 फूट. हा निव्वळ योगायोग, पण पोरं आकडा विसरत नाहीत. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तांब्याभर पाणी पिऊन उपयोग नाही. दूध किंवा दही घ्या.

पट्टीचा प्रयोग फुटबॉलवाल्या पोरांना आवडतो. पट्टी उभी धरा, शून्य खाली, समोरच्याची दोन बोटं शून्यापाशी उघडी. न सांगता सोडा. 10 सेंटिमीटरवर पकडली तर 0.14 सेकंद, 15 ला 0.17, 20 ला 0.20, 25 ला 0.23. दहाच्या आत कोणी पकडली तर तो अंदाजानं पकडतोय.

चिंचोके

पुतण्यानं विचारलं, "आत्या, एआयमधलं न्यूरल नेटवर्क म्हणजे हेच का?" नाव आणि मूळ कल्पना इथूनच गेली, पण तिथं सोडियमही नाही आणि रसायनही नाही, नुसते गुणाकार-बेरजा. 1943 मध्ये मॅक्युलक आणि पिट्स या संशोधकांनी चेतापेशी एवढीच उरवली: आलेले कौल मोजा, उंबरठा ओलांडला तर "हो". 1958 मध्ये रोझेनब्लाटनं ती शिकेल अशी केली. ते आम्ही चिंचोक्यांवर करतो.

प्रश्न: आज छत्री घ्यायची का? सल्लागार तीन: मोबाइलचं हवामान, पन्हाळ्याच्या बाजूचे ढग आणि शेजारच्या आज्जींचा गुडघा. प्रत्येकाच्या वाटीत दोन चिंचोके. रोज सकाळी जे "पाऊस येणार" म्हणतात, फक्त त्यांच्या वाट्या मोजायच्या. बेरीज चार किंवा जास्त झाली तर छत्री घ्या. संध्याकाळी हिशेब. निर्णय बरोबर ठरला तर काहीही हलवायचं नाही. छत्री नेली आणि पाऊस आलाच नाही, तर "हो" म्हणणाऱ्यांच्या वाटीतून एकेक काढा. नेली नाही आणि भिजलात, तर "हो" म्हणणाऱ्यांच्या वाटीत एकेक घाला. "नाही" म्हणणाऱ्याच्या वाटीला दोन्ही वेळा हात लावू नका. पोरं इथंच हमखास चुकतात.

जूनच्या तीन आठवड्यांनंतर ढगांच्या वाटीत चार झाले, मोबाइलच्या दोन, गुडघ्याच्या वाटीत एकच. ढगांचं ऐका असं कोणी सांगितलं नव्हतं. आज्जींना एक चिंचोका दिसला आणि त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जुलै लागला, रोज पाऊस, ढग रोज हो, गुडघाही रोज हो. आज्जी रोज संध्याकाळी वाटी बघून जायच्या, "माझं बरोबर आलं की गं, मग वाढव." पण निर्णय चुकतच नव्हता, म्हणून एकही चिंचोका हलला नाही. शेवटी मी वाट्या कपाटावर ठेवल्या.