कासवांचं काम करायचंय? आधी पहाटे पुळणीवर चालून बघा

फेब्रुवारी-मार्च आला की मला दोनचार मेसेज येतातच, कासवांसाठी व्हॉलंटिअर व्हायचंय, कधी येऊ? मी एक सीझन कोकणात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला काढलाय, त्या जोरावर सांगतो. पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर मार्चमध्ये या, पण काम शिकायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीतच पोचा, कारण ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात आणि खरं काम तेव्हाच असतं.

काम म्हणजे काय तर अंधारात चालणं, बास. मादी रात्री येऊन जाते, वाळूत ट्रॅक्टर गेल्यासारखा माग उरतो, तो कुत्र्याकोल्ह्यांच्या आधी गाठायचा. पहिल्याच दिवशी मी मोबाइलचा लाइट लावून निघालो तर कासवमित्र काका, म्हणजे कासवांची राखण करणारे गावातलेच एक जण, म्हणाले, "अरे बाबा, ती बॅटरी बंद कर आधी, उजेड बघून मादी परत फिरते." नंतर हातानं वाळू उकरायची, दीडेक फुटावर पिंगपाँग बॉलसारखी शंभर-सव्वाशे अंडी, ती जशी आहेत तशीच उचलायची, गोल फिरवायची नाहीत, आणि हॅचरीत, म्हणजे अंडी सुरक्षित उबवायला कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. हात थरथरतात हो, खोटं कशाला बोलू.

एके काळी इथली अंडी लोक खायला न्यायचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावातल्याच लोकांना सोबत घेऊन हे काम उभं केलं, म्हणून तिथे गेल्यावर पुस्तकी ज्ञान पाजळू नका, काकांना वाळू दाबूनच कळतं घरटं कुठंय ते. बीएस्सी झूलॉजी असलीच पाहिजे असंही काही नाही, माझं कॉमर्स आहे.

वही मात्र नीट ठेवा, तारीख, वेळ, अंडी किती, वाळूचं तापमान, सगळं. तापमान का, तर पिल्लू नर होणार की मादी हे त्यावर ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघाली की घरटं उकरून टरफलं मोजतात. माझ्या पहिल्या घरट्यात ११२ अंडी होती, पिल्लं ७१ निघाली. काकांनी विचारलं, "बाकीची का नाय निघाली?" मी वही चाळत बसलो, तर मधल्या नऊ दिवसांचं तापमान मी लिहिलंच नव्हतं.