गाडीवर ‘आयसीयू’, आत मी

बारावी सायन्सला टक्के बेताचेच पडले, तेव्हा घरात एकच धोशा होता, ‘मेडिकल लाइनचं काहीतरी बघ.’ बडोद्यातच एका इन्स्टिट्यूटमध्ये सहा महिन्यांचा इमर्जन्सी टेक्निशियनचा कोर्स सापडला. बाबांनी दोन हप्त्यांत फी भरली. रबरी पुतळ्याची छाती दाबायला शिकवलं, बाकी सगळ्या झेरॉक्स. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये एक दिवस बसवलं नाही. सर्टिफिकेट मात्र सोनेरी शिक्क्याचं, लॅमिनेट केलेलं!

त्या कागदावर एका खासगी अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याकडे लागलो. पहिल्याच आठवड्यात, रात्री मकरपुऱ्याहून एका काकांना उचललं. धाप लागलेली, ओठ निळसर. ऑक्सिजन लावायला गेलो तर सिलिंडर भरलेला, पण उघडायची चावीच नाही. ड्रायव्हर म्हणाला, ‘दुसऱ्या गाडीत राहिली असेल.’ शेवटी टायर बदलायच्या सामानातला एक पाना घेऊन कसाबसा व्हॉल्व्ह फिरवला. सयाजी हॉस्पिटल येईपर्यंत काकू मला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणत होत्या. काका वाचले, पण त्यात माझं कर्तृत्व शून्य.

त्या गाडीवर असताना पोलिसांनी ड्रायव्हरचं लायसन्स दोनदा पाहिलं, गाडीचे कागद पाहिले. माझा कागद कुणीच मागितला नाही.

गाडीसाठी एआयएस-१२५ नावाचं मानक आहे. ए म्हणजे फर्स्ट रिस्पॉन्डरचं, म्हणजे सर्वांत आधी पोचून प्रथमोपचार करणाऱ्याचं वाहन, बी म्हणजे नुसती रुग्णवाहतूक, सी म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट आणि डी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड. पण गाडी ‘डी’ असली म्हणून मागे बसणारा त्या तोडीचा होत नाही. आपल्या गुजरातने २००७ साली आपत्कालीन वैद्यकीय सेवांचा स्वतंत्र कायदा केला, १०८ सुद्धा त्याच वर्षी २९ ऑगस्टला सुरू झाली. माणसाच्या नोंदणीचा देशपातळीवरचा कायदा यायला मात्र २०२१ उजाडलं. अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या त्या कायद्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट आहे, आणि नोंदणी राज्याच्या परिषदेकडे. अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचं शिक्षण हवं. सहा महिन्यांत २,००० तास बसवून बघा: रोज अकरा तास, रविवारसकट, उत्तरायणाच्या दिवशीही!

मला हे उशिरा कळलं. मग दोन वर्षांचा डिप्लोमा केला, कॅज्युअल्टीतल्या ड्युट्यांसह. आता १०८ वर ईएमटी, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन आहे. तुम्ही अ‍ॅडमिशनला जाल तेव्हा प्लेसमेंटचे फोटो बघू नका. सर्टिफिकेट देतं कोण, आणि त्यावर परिषदेत नाव लागेल का, ते लेखी मागा. गाडीत किती तास, कॅज्युअल्टीत किती तास, तेही. उत्तराऐवजी चहा आला तर चहा पिऊन घरी या.

कामाचं म्हणाल तर टीव्हीवर दिसतात तसे अपघात रोज नसतात, बाळंतपणाच्या केसेस फार. श्वासनळीत घालायच्या पाइपपेक्षा हातमोजे आणि धीर जास्त लागतो. गुजराती आपल्याला येतेच, पण छोटाउदेपूरकडचे पेशंट राठवीत बोलतात, चार शब्द शिकून ठेवा. औषध मनाने द्यायचं नाही, फोनवरच्या डॉक्टरांना विचारून द्यायचं आणि त्यांनी सांगितलेली वेळ, डोस लगेच लिहून ठेवायचा.

माझ्या मते राज्याच्या नियमांत दोन गोष्टी यायला हव्यात. एक, अ‍ॅम्ब्युलन्सचा परवाना आत बसणाऱ्याच्या नोंदणीला बांधा: नोंदलेला माणूस नाही, तर गाडीवर ‘आयसीयू’ लिहायचं नाही. दुसरी, दर दोन वर्षांनी हाताची परीक्षा. छातीवर तीस दाब, मग तोंडाने दोन श्वास, मिनिटाला १०० ते १२० चा वेग हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण महिनाभर सराव नसला की दाबांची खोली कमी होते. माझीही झाली होती, पुतळ्याच्या मीटरने दाखवली. सीनियर लोकांना ही परीक्षा आवडणार नाही, हे ठाऊक आहे.

ड्युटी सुरू करताना मी आजही आधी सिलिंडरची चावी हातात घेऊन व्हॉल्व्ह उघडून बघतो, मग घशातला स्राव ओढणाऱ्या सक्शन मशीनचं चार्जिंग, मग डिलिव्हरी किट. एक जादा चावी नाडीला बांधून माझ्या खिशात असते. नवी पोरं हसतात.