फेडलेलं कर्ज कागदावर थकीत. ते मी कसं दुरुस्त केलं

सावद्याजवळ आमचा केळी वेफर्सचा छोटा कारखाना आहे. मोठी कढई आणि कापणी यंत्रासाठी सात लाखांचं कर्ज मागितलं, तर बँकेने फाईल परत केली. कारण, सहा वर्षांपूर्वी फेडलेलं टेम्पोचं कर्ज क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांच्या परतफेडीच्या नोंदींमध्ये, थकीत दिसत होतं. मला घाम फुटला. बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फेडल्याचा कागद, तर घरात ट्रंकेत होता!

आधी स्वतःचा पूर्ण रिपोर्ट काढला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तो असे रिपोर्ट बनवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. मग ज्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये चूक होती, तिच्या साइटवर, चुकीच्या खात्यापुढेच तक्रार टाकली आणि दाखल्याचा स्पष्ट फोटो जोडला. जुन्या वित्तसंस्थेलाही लेखी अर्ज दिला, पोच घेतली. ही पोच सोडू नका. तोंडी बोलण्यात माझे दोन महिने गेले होते.

तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. एप्रिल २०२४ पासून हा नियम लागू आहे. अर्जात मी तो लिहिला. चोविसाव्या दिवशी खातं 'बंद' दिसलं. तसं झालं नसतं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाणार होतो, तिथे फी लागत नाही.

नवीन रिपोर्ट घेऊन पुन्हा बँकेत गेलो. सूक्ष्म-लघु उद्योगाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागायचं नाही, हाही तेव्हा नियमच होता. शेत गहाण न ठेवता कर्ज मंजूर झालं. कढई पोळ्याच्या आदल्या दिवशी आली.